वरच्या पायरीची फरशी

त्यांच्यासमोर "लई ऊन हाय" असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं की मान वर करून विचारायचे, "किती?"

आता उन्हाला किती म्हणून काय सांगावं माणसानं? ऊन लई असतं, न्हाई तर कमी असतं. पण ते बिलकुल ऐकायचे न्हाईत. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पाऱ्याची काचेची नळी असायची. ती काढायचे, जिथं उभे असतील तिथल्या दगडाला, मातीला, भिंतीला टेकवायचे आन् मनगटावरच्या घड्याळाकडं बघत गप उभे राहायचे. मंग आकडा सांगायचे. म्हणायचे, "हे एवढं. 'लई' म्हटल्यानं काही कळत नाही, पाटील. हाताचं काय, हात घाबरट असतो."

मी चौथी शिकलेला माणूस. वावर वडीगोद्रीहून शहागडाकडं जाताना हायवे सोडून थोडं आत. वावरात जुनी दगडी बारव, पायऱ्यांची. बारवेच्या तोंडाशी उघड्यावर महादेवाची पिंड. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाल्ती, तेव्हा ते पहिल्यांदा आल्ते. तालुक्याच्या कॉलेजात झाडाझुडपाचा विषय शिकवायचे. सायकल बांधाला लावली, चपला काढल्या आन् मला न विचारता माझ्या बारवेत उतरले. मी तावातावानं मागं गेलो. पाहतो तर हा माणूस पायरीवर पालथा. डोळ्याला भिंग, नाक दगडाला टेकलेलं. मला वाटलं भोवळ आली.

"ओ भाऊ, ऊन लागलं का?"

"मला नाही," ते पालथेच बोलले. "ह्याला लागलंय. आता काय करतं ते बघतोय."

'हे' म्हणजे दगडावरची काळी खरड. आम्ही तिला शेवाळच म्हणायचो. पावसाळ्यात हिरवी, फाल्गुन लागला की काळी. मी म्हटलं, "त्याचं काय बघता? मेलं ते. दर साली मरतं."

ते उठून बसले. झोळीतून चहाचा चमचा काढला, खाली जाऊन चमचाभर पाणी आणलं. नखानं त्या खरडीचा तांदळाएवढा तुकडा सोडवून माझ्याच तळहातावर ठेवला, वर छत्री धरली आन् एक थेंब सोडला. खोटं सांगत न्हाई, मी पापणी हलवायच्या आत त्या काळ्या तुकड्याची मिटलेली पानं उलगडली. मुंगीच्या पायाएवढी पानं, पण पानंच. हिरवीगार.

"मेलं नव्हतं," ते म्हणाले. "दुकान बंद केलं होतं. मालक आत बसलाय."

त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला. मंग ते सात वर्षं येत राह्यले.

गावानं त्यांचं नाव शेवाळमास्तर पाडलं. ते कोकणातले. माझ्या घरातली त्यांना म्हणायची, "सर, तुमच्या मुलखात भिंतीभिंतीला हिरवं असतं म्हणतात. ते टाकून इथं आमच्या फुफाट्यात काय धुंडायला आलात?"

त्यावर ते म्हणाल्ते, "वहिनी, तिकडे त्याला ऊन कळलं नाही तरी चालतं. इथे नाही कळलं तर मरतं. म्हणून इथलं हुशार."

आमच्या घरातलीवर त्यांचा जीव. एकदा चुलीपाशी बसून तिला विचारलं, तवा तापला हे कशावरून ओळखता? ती म्हणाली, "पाण्याचा शिपका मारायचा. चर्र झालं की टाकायची भाकर." त्यांनी तव्याला नळी लावली न्हाई. वही काढली आन् तसंच लिहिलं, चर्र. वर्षभर मला ऐकवत होते, "तुम्ही सांगता लई. वहिनी बघा, मोजून सांगतात."

छत्री त्यांच्याकडं कायम. पण ती स्वतःच्या डोक्यावर कधी न्हाई. उन्हात उघड्या टकलानं बसायचे आन् छत्री एखाद्या दगडावर धरायचे. तळहात दगडाला लावायचे न्हाईत, अंगाची ऊब लागंल म्हणून. बोटाच्या टोकावर तोल सांभाळत उतरायचे, चोरपावलांनी मांजर उतरावं तसे. एकदा मेंढरांचा कळप पाण्यावर आला. आमचा मेंढकाबाबा थट्टेनं बोलला, "सर, दगडाचा ताप पाहता, आमच्या मेंढराचा पण पाहा की."

त्यांनी खरंच पाहिला. नळी आधी लोकरीवर ठेवली, मंग लोकरीत खोल घातली. दोन्ही आकडे पाहून असे हरखले की मेंढीच्या पाठीवर थापच मारली. "वर भट्टी आणि आत सावली! बाबा, उन्हाळ्यात हिला भादरू नका."

"आमच्या बापानं बी कधी भादरली न्हाई," मेंढकाबाबा म्हणाला. "बिगर नळीचा."

सर पोट धरून हसले. हसू त्यांना लवकर यायचं. मला न्हाई येत.

कॉलेजातली माणसं मात्र त्यांना हसायची, ते त्यांना डाचायचं. मोठे साहेब म्हणायचे, कापूस घ्या, ऊस घ्या, घनसावंगीकडं एवढा ऊस आहे, त्याचं काही करा, नाव होईल. हे काय घेऊन बसलात? सर मला सांगताना पायरीवर पाय सोडून बसले होते. "पाटील, पाण्यातून जमिनीवर सगळ्यात आधी आली ती ह्यांच्यासारखी झाडं. धड मूळ नाही, खोड नाही, फूल नाही. ऊन लागलं तर मुळाकडून पाणी मागायची सोय नाही. चालून सावलीत जाता येत नाही. तरी टिकलं. कसं कळतं त्याला? कळल्यावर काय करतं? हे कळलं तर तुमच्या कापसाचं कळेल."

"मंग कसं कळतं?"

"माझा अंदाज आहे. सिद्ध नाही." प्रत्येक गोष्टीला ते हे लावायचे. "बरणीतलं तूप उन्हाळ्यात सैल होतं ना? तशी ह्याच्या कणाकणाला पातळ कातडी असते, ती सैल पडते. तिथे त्याला पहिली खबर लागते. मग ते आत माणसं कामाला लावतं. वावटळीत मांडवाच्या मेढी धरायला माणसं धावतात ना, तशी. मांडव हलतो, पण पडत नाही. मात्र माणसं गोळा करायला वेळ मिळाला पाहिजे."

त्या वेळेसाठीच त्यांनी बारव धरली होती. खाली गारवा, वर भट्टी, मधी सोळा पायऱ्या. खालच्या पायरीवर एक सुटी फरशी होती, परातीएवढी, गच्च हिरवी. दिवाळीच्या पाडव्याला ते ती उचलायचे आन् दर दहा दिवसाला एक पायरी वर आणायचे. एकच पायरी. मी म्हणायचो, दोन घ्या की, जल्दी होईल. ते म्हणायचे, "तुम्ही सून माहेरहून आणली की दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपता का?" चैतात फरशी सगळ्यात वरच्या पायरीवर यायची, तोवर कोरडी, काळी पडलेली. सगळा वैशाख, जेठ तिथं. पारा पंचावन्न-साठपर्यंत चढायचा. मृगाच्या तोंडाला एका संध्याकाळी ते तिच्यावर एक चमचा पाणी घालायचे आन् घड्याळ बघत बसायचे. फरशी उघडायची. काळ्यातून हिरवी. दर साली मला वाटायचं, औंदा न्हाई उघडत. दर साली उघडायची.

एका वर्षी त्यांनी तळातला दुसरा एक दगड सरळ वर आणून तिच्या शेजारी मांडला. एका दिवसात वाळला. मृगात पाणी घातलं. शेजारची उघडली, तो उघडला न्हाई. त्यावर त्यांनी अख्खा तळहात ठेवला, ज्या माणसानं कधी दगडाला तळहात लावला न्हाई त्यानं. म्हणाले, "ह्याला मीच मारलं. पण वहीत लिहायलाच हवं." आन् वहीत लिहिलं, कारण: पायऱ्या दिल्या नाहीत.

वहीत चूक राहू नये, ह्या एका गोष्टीवर ते कडक. एकदा घाईत मी आकडा एकनं वाढवून सांगितला. दोन दिवस बोलले न्हाईत माझ्याशी.

सहा उन्हाळे असे गेले. त्यांनी सगळं लिहून पुण्याच्या मोठ्या विद्वानांकडं धाडलं. तिकडून पत्र आलं, की काम चांगलं आहे, पण त्याच फरशीचा अजून एक उन्हाळा पाहिजे, मंग छापू. ते पत्र त्यांनी मला उभ्यानं वाचून दाखवलं. "एक उन्हाळा, पाटील. एकच." म्हटलं, त्यात काय, ऊन काय कुठं पळून चाललंय?

ऊन न्हाई पळालं. सातव्या चैतात, फरशी वरच्या पायरीवर पोचली त्याच आठवड्यात, सर आजारी पडले. छातीचं दुखणं. औरंगाबादला दवाखान्यात न्यायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी जीपमधून आले, बारवेपर्यंत चालवत न्हवतं, तरी आले. माझ्या हातात नळी दिली, वही दिली.

"दुपारी बारा आणि तीन. रोज. फरशीला नळी लावायची, आकडा लिहायचा. दुसरं काही करायचं नाही. सावली नाही, पाणी नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही, पाटील, कारण ओलं असताना ते—"

"सर," मी म्हटलं, "पाण्याचं मला शिकवू नका. जल्मभर पिकाला पाणी देत दारं धरली मी. जा तुम्ही."

ते पुढं बोललेच न्हाईत. मी बोलू दिलं न्हाई. त्यांचं ते वाक्य तिथं तुटलं, ते अजून माझ्या कानात तसंच तुटलेलं हाय.

मी रोज बारा आन् तीनला जायचो. जेवण टाकून जायचो. आकडा बराबर लिहायचो, एक इकडं न्हाई एक तिकडं न्हाई. अक्षर माझं मेंढराच्या लेंड्यांसारखं, पण आकडा खरा. बावन्न. पंचावन्न. सत्तावन्न. फरशी कोळशासारखी झाली. औंदा पहिल्यापेक्षा काळी दिसायला लागली मला. न्हाई तर मलाच तसं दिसत असंल, कारण दवाखान्यातून येणारी खबर रोज वाईट होती. अठ्ठावन्न लिहिलं त्या दिवशी वडीगोद्रीच्या स्टँडवर कॉलेजातला शिपाई भेटला. म्हणाला, सरांचं काही खरं न्हाई.

वैशाखात आमच्यात महादेवाला गळती लावतात. तीन काठ्यांचं तिकाटणं, त्यावर बुडाला भोक पाडलेलं मडकं, भोकात चिंधी. पिंडीवर दिवसभर थेंब थेंब पाणी. देवाला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून. माझ्या बापानं लावली, मी लावतो. दुसऱ्या दिवशी मी पिंडीवरच्या मडक्यात पाणी भरत होतो आन् फरशी पाच हातांवर तापत पडलेली. देवाला सोय, आन् तिला न्हाई. मला ते बघवलं न्हाई. मनात असं आलं, की ही जगली तर सर जगतील. ह्यात शहाणपण न्हाई, मला कळतं. पण त्या वेळी कळत नव्हतं.

मी दुसरं मडकं आणलं. दुसरं तिकाटणं ठोकलं. फरशीवर गळती लावली.

आमच्या घरातली म्हणाली, "अहो, सर न्हाई म्हणाल्ते ना?"

"सर पुस्तकातलं सांगतात," मी म्हटलं. "तहानलेल्याला पाणी पाजू नये असं कोणत्या पुस्तकात हाय?"

घटकाभरात फरशी हिरवी झाली. लखलखीत. मी तिच्यापुढं उभा राह्यलो आन् मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. त्या माणसाला सात वर्षांत जे भर वैशाखात जमलं न्हाई ते मी एका मडक्यानं केलं. बाराला नळी लावली. चव्वेचाळीस. कुठं अठ्ठावन्न आन् कुठं चव्वेचाळीस. गारवा पण दिला मी तिला. वहीत चव्वेचाळीस लिहिलं, खालचं टोक जरा लांब ओढून, ऐटीत.

चार दिवस हिरवी होती. पाचव्या दिवशी कडा तपकिरी. मला वाटलं पाणी कमी पडतंय. भोक मोठं केलं. आठव्या दिवशी सगळी फरशी उकडलेल्या मेथीसारखी, हाताला बुळबुळीत, वास येणारी. मी रोज चव्वेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस लिहीत राह्यलो.

आन् सर जगले. जेठाच्या सुरुवातीला निरोप आला, उद्या येतो म्हणून.

आता जे सांगतो ते मी कधी कुणाला सांगितलं न्हाई, घरातलीला पण न्हाई. पहाटे उठून मी ते तिकाटणं उपटलं. खड्डे बुजवले. मडकं बांधापलीकडं नेऊन फोडलं. फरशी दुपारपर्यंत वाळून काळी झाली, लांबून पहिल्यासारखीच.

सर बाईंना घेऊन आले, बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. अर्धे झाल्ते. कॉलर मानेभोवती फिरत होती. पायरीवर बसायला बाईंनी हात दिला, तो त्यांनी घेतला, एरवी घेतला नसता. मृगाला वेळ होता, पण त्यांना दम नव्हता. ऊन कलायची वाट पाहिली, चमचाभर पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी घातलं. घड्याळ पाहत राह्यले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. अर्धा तास. बाई म्हणाल्या, "चला आता." त्यांनी हात वर केला, थांब म्हणून.

फरशी उघडली न्हाई.

मंग त्यांनी भिंग काढलं. वाकले. बराच वेळ पाहिलं. नाकाशी नेऊन वास घेतला. वही मागितली, मी दिली. माझी पानं उलटत गेले, एका पानावर थांबले, मंग वही मिटून मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, "औंदा ऊन लई होतं, सर."

ते माझ्याकडं पाहत राह्यले. मी वाट पाहत होतो. सात वर्षांत एकदा पण चुकले नव्हते, 'लई' म्हटलं की विचारायचेच. मी मनात आकडा पण तयार ठेवला होता.

त्यांनी किती म्हणून विचारलं न्हाई.

"कोरडं असताना ते सहसा उन्हानं जात नाही," एवढंच म्हणाले, हळू. "ओलं असेल तर आतलं सगळं चालू असतं. दुकान उघडं असतं. तेव्हा थोड्या उन्हानंसुद्धा जातं."

"औंदा ऊनच तसं होतं," मी म्हटलं.

"असेल," ते म्हणाले.

जाताना त्यांनी नळी माझ्याकडंच राहू दिली. वही घेऊन गेले. जीपमध्ये बसल्यावर घरातलीला म्हणाले, "वहिनी, येतो." मला काही म्हणाले न्हाईत, फक्त हात वर केला. पुण्याला त्यांनी काही धाडलं न्हाई. पुढच्या दिवाळीला पाडव्याच्या दिवशी मी तळाची दुसरी एक फरशी धुऊन पुसून ठेवली, सायकलीची वाट पाहिली. सायकल आली न्हाई. पौषात ते गेले. तेव्हा तर थंडी होती.

माफी मागायला मला सात महिने होते. तालुका काय लांब न्हाई, सकाळच्या एसटीनं गेलं तर दुपारी घरी. दोनदा स्टँडपर्यंत गेलो आन् परत आलो. एकदा वाटलं, त्यांना काय म्हाईत न्हाई, कशाला उगाच. एकदा वाटलं, म्हाईत असंल तर त्यांनीच बोलावं. असा मी.

दोन वर्षांनी बाई कोकणात परत चालल्या, तेव्हा वही माझ्याकडं देऊन गेल्या. म्हणाल्या, "ते म्हणाले होते, पाटलांच्या बारवेची आहे, पाटलांकडेच राहू दे."

मी वाचायला हळू. अक्षर लावत लावत सगळी वाचली, पंधरा दिवस लागले. माझ्या पानांवर आलो. अठ्ठावन्नच्या खाली माझं ते ऐटीतलं चव्वेचाळीस. त्याच्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केलेला. उन्हात पडलेला दगड एका दिवसात चौदानं उतरत न्हाई, हे त्यांना कळलं नसतं तर कुणाला कळलं असतं? मीच मोजून, खरं लिहून त्यांच्या हातात दिलं होतं. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या त्यांना सगळं कळलं होतं.

शेवटच्या पानावर फरशीची नोंद होती. वाकडं अक्षर, आजारी माणसाचं. सातवा उन्हाळा. उघडली नाही. कारण: निरीक्षक गैरहजर.

निरीक्षक म्हणजे ते स्वतः. शब्द मला येत नव्हता, शाळेतल्या मास्तरला विचारला.

एका आकड्यासाठी दोन दिवस अबोला धरणारा माणूस, त्यानं स्वतःच्या वहीत खोटं लिहिलं. सगळ्या वहीत तेवढं एकच. ते माझ्यासाठी लिहिलं.

ते तसंच राहिलं तर बरं न्हाई. म्हणून त्या ओळीखाली मी माझ्या हातानं लिहिलंय, आन् इथं पण लिहितो. पारा चव्वेचाळीस. कारण: पाणी. भर वैशाखात, भर दुपारी. घालणारा मी. त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं.

आता बारवेत पाणी राहत न्हाई. चहूकडं बोअर झाले, खालच्या पायऱ्या पण कोरड्या पडल्या. तळाला हिरवं उरलंच न्हाई, की एखादी फरशी उचलावी आन् दहा दिवसाला एक पायरी वर आणावी. ती जुनी मात्र वरच्या पायरीवर हाय, मी हलवली न्हाई. मृगाच्या तोंडाला, ऊन कललं की, घरून पाणी नेतो, एक चमचा घालतो आन् समोर बसतो. काही होत न्हाई. किती वेळ बसलो ते वहीत लिहितो आन् घरी येतो.